दख्खनी मेंढीचे जतन: कोकणातील गावांनी करावयाची कामे

कोकणाला मेंढीची स्वतःची जात नाही आणि त्याचे कारण इथल्या पावसात आहे. जून ते सप्टेंबर या काळात कोसळणारा अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस, चिखलाने भरलेली खाचरे आणि दिवसरात्र ओली राहणारी हवा मेंढीच्या खुरांना व फुप्फुसांना मानवत नाही. मात्र भाताची कापणी उरकून खाचरे मोकळी झाली, की पुणे, सातारा आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतील कमी पावसाच्या तालुक्यांतून धनगरांचे वाडे, म्हणजे एकत्र फिरणाऱ्या कुटुंबांचे तांडे, आपली मेंढरे, घोडी, कुत्री आणि बिऱ्हाड घेऊन घाट उतरतात, रायगड, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतील शेतांवर उन्हाळ्यापर्यंत फिरत राहतात आणि पावसाच्या तोंडावर पुन्हा घाटावर जातात. या मेंढरांत जी काळी, बारीक आखूड शेपटीची, राठ लोकरीची मेंढी दिसते ती दख्खनी. पठारावरचे ऊन, तुटपुंजा चारा आणि वर्षाकाठी शेकडो किलोमीटरांची चाल या तीन गोष्टींनी तिला घडवले आहे.

ही जात संख्येने संपत आलेली नाही आणि म्हणूनच तिच्यावरचे संकट लवकर ध्यानात येत नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे २७ लाख मेंढ्या मोजल्या गेल्या. परंतु मेंढ्यांचा एकूण आकडा मोठा असणे आणि शुद्ध दख्खनी मेंढ्या पुरेशा असणे या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. मटणाला भाव आहे आणि लोकरीला नाही, त्यामुळे गेल्या काही दशकांत कळपाकळपांत उंच, केसाळ आणि लवकर वजन धरणाऱ्या जातींचे मेंढे सोडले गेले. असे दोन-तीन पिढ्या चालले, की कळपाची संख्या तेवढीच राहते, मालक तोच राहतो, वाटही तीच राहते, पण दख्खनी मेंढी त्या कळपातून नाहीशी झालेली असते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने वापरात आणलेल्या ढोबळ निकषानुसार पैदासक्षम माद्या एक हजारापर्यंत किंवा नर वीसपर्यंत खाली आले की जात धोक्यात आली असे मानतात, आणि माद्या शंभरावर किंवा नर पाचावर आले की ती अतिसंकटात गेली असे मानतात. या निकषात नरांचा आकडा वेगळा दिलेला आहे, हे वाचकाने आवर्जून ध्यानात ठेवावे, कारण पुढील बहुतेक काम त्या नरांभोवतीच फिरते.

कोकणातील माणसाने हौसेने दख्खनी मेंढ्या विकत घेऊन दारात बांधाव्यात, असे येथे सुचवावयाचे नाही. तसे केल्यास पहिल्याच पावसाळ्यात खुरे सडतात, न्यूमोनिया होतो आणि जनावरे हकनाक मरतात. कोकणाच्या हाती जे आहे ते वेगळे आहे आणि अधिक मोलाचे आहे. बहुतेक दख्खनी मेंढ्या पावसाच्या सुरुवातीला कोवळा चारा मिळू लागला की माजावर येतात आणि त्यांचा गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा असल्यामुळे मुख्य वेत दिवाळीच्या मागेपुढे होते. म्हणजे कोकरे जन्मतात किंवा वाढीला लागतात ती कोकणाच्या वाटेवर आणि कोकणाच्या मुक्कामात. त्यांतील नर कोकरे व्यापाऱ्याला दिली जातात तीही पुष्कळदा येथेच. पुढच्या हंगामात कळपात कोणता मेंढा फिरणार, याचा निर्णय अशा रीतीने आपल्या गावच्या शेतात होत असतो.

जात ओळखणे

कळप गावात आल्यावर पहिले काम म्हणजे नीट पाहायला शिकणे. दख्खनी मेंढीचा रंग बहुधा काळा किंवा काळ्यावर पांढरे ठिपके-पट्टे असा असतो. कान मध्यम लांबीचे, चपटे आणि खाली झुकलेले असतात, नाकाचा बाक मध्यम असतो, नराला बहुधा शिंगे असतात आणि मादी बहुधा बिनशिंगी असते. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन सरासरी ३८ किलोच्या आसपास आणि मादीचे २८ किलोच्या आसपास भरते. याउलट सांगली जिल्ह्यातील जत तालुक्याकडची माडग्याळ मेंढी पांढऱ्या अंगावर तपकिरी डागांची, उंच आणि पोपटाच्या चोचीसारख्या ठळक बाकाच्या नाकाची असते. कळपात अशा नाकाची, लांब पायांची आणि अंगावर लोकरीऐवजी आखूड केस असलेली कोकरे दिसू लागली, की बाहेरचे रक्त आले आहे असे समजावे. माडग्याळ ही आपलीच देखणी आणि मौल्यवान मेंढी आहे, तिला कमी लेखण्याचे काही कारण नाही. ती तिच्या मुलखात जशीच्या तशी राहावी आणि दख्खनीही तिच्या कळपांत जशीच्या तशी राहावी, एवढाच आग्रह आहे.

पाहणी करावी ती संध्याकाळी, मेंढरे चरून परत येतात तेव्हा. दिवसभर मागे ठेवलेली कोकरे त्या वेळी सोडली जातात आणि शे-दोनशे मेंढ्यांच्या कल्लोळात प्रत्येक कोकरू ओरडत, हुंगत, एकदोन परक्या मेंढ्यांच्या लाथा खाऊन अखेर आपल्या आईच्या कासेला लागते. कोणते कोकरू कोणाचे, हे बाहेरच्या माणसाला बिनचूक कळण्याची ही वेळ आहे. कोकरू दूध पीत असताना आई त्याची शेपटी हुंगून खात्री करून घेते आणि शेपटी जोरात हलत असेल तर पान्हा उतरला आहे हेही दिसते. कळप सांभाळणाऱ्या बाईमाणसांना ही माहिती तोंडपाठ असते; दूध न मिळालेल्या कोकराला दुसऱ्या मेंढीला लावण्याचे काम त्याच करतात. त्यामुळे नोंदी घेताना केवळ वाड्याच्या कारभाऱ्याशी न बोलता त्यांच्याशी आधी बोलावे.

नोंदवही

नोंदवही साधी दोनशे पानी असली तरी पुरते. प्रत्येक नर कोकरासाठी एक ओळ ठेवावी आणि तीत आईची खूण, बापाची खूण, जन्म कोणत्या मुक्कामावर झाला, एकटे की जुळे, रंग आणि तीन महिन्यांचे झाल्यावरचे वजन एवढेच लिहावे. मेंढपाळ बहुधा महिन्याच्या तारखेपेक्षा गावाच्या नावाने वेळ लक्षात ठेवतात. "मुरबाडला होतो तेव्हा व्याली" असे उत्तर मिळाल्यास ते तसेच लिहून घ्यावे, तारीख नंतर लावता येते. ओळख पटण्यासाठी शासनाचा बारा अंकी बिल्ला कानात असेल तर तो क्रमांक लिहावा. नसेल तर कळपाची कानावरची खूण आणि रंगाचे वर्णन पुरेसे आहे. वय दातांवरून ठरते. दुधाचे सगळे दात शाबूत असतील तर जनावर आदत, साधारण दीड वर्षाला दोन दाती (म्हणजे दोन पक्के दात आलेले), दोन ते अडीचच्या दरम्यान चार दाती, तीनच्या पुढे सहा दाती आणि चार वर्षांच्या सुमारास जुळलेले (आठही पक्के दात आलेले), असा क्रम धरावा.

प्रश्न विचारण्याची रीतही सांभाळावी. "मामा, हा मेंढा कुणाच्या पोटचा?" असे विचारले, तर तीन पिढ्यांची हकिकत मिळते. "तुमच्याकडे एकूण मेंढरे किती?" असे आल्या आल्या विचारले, तर माणूस गप्प होतो आणि ते रास्त आहे, घरी आलेल्या पाहुण्याने आपल्याला बँकेतली शिल्लक विचारली तर आपणही गप्प होऊ.

मेंढा राखणे

संपूर्ण कामाचा गाभा येथे आहे. व्यापारी कळपावर येतो तेव्हा वजनदार, सुदृढ, झपाट्याने वाढलेले नर कोकरू पहिल्यांदा उचलतो, कारण त्यालाच सर्वांत जास्त पैसे मिळतात. मेंढपाळालाही त्या वेळी पैशांची गरज असते. परिणामी कळपातील उत्तम नर दरवर्षी खाटकाकडे जातो आणि जो विकला गेला नाही तो पैदाशीला उरतो. बकरी ईदचा सण दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि २०२६ मध्ये तो मे महिन्याच्या अखेरीस येत असल्याने ऐन मुक्कामाच्या शेवटी नरांना मोठी मागणी असते. दख्खनी वंशाचे उत्तम मेंढे या काळात झपाट्याने बाहेर जातात, आणि मग पुढील हंगामासाठी बाजारातून जो मिळेल तो, बहुधा संकरित, मेंढा आणला जातो.

यावरचा उपाय साधा आहे. गावातील पाच-सहा शेतकऱ्यांनी, बचत गटाने किंवा तरुण मंडळाने मिळून एक लहान निधी उभा करावा आणि निवडलेल्या नर कोकरासाठी व्यापारी देऊ करतो तेवढी रक्कम मेंढपाळाला रोख द्यावी. पुढे सांगितलेली अदलाबदल होईपर्यंत कोकरू मेंढपाळाच्याच कळपात राहील, मालकीही त्याचीच राहील. अट एवढीच, की किमान दोन हंगाम ते पैदाशीला वापरले जाईल आणि त्यानंतर विकावयाचे झाल्यास रकमेचा ठरलेला भाग निधीत परत येईल. व्यवहार दोन साक्षीदारांसमोर कागदावर लिहावा. मेंढपाळाला उपदेश करण्यापेक्षा हा मार्ग अधिक न्याय्य आहे, कारण जात टिकवण्याची किंमत त्या गरीब कुटुंबानेच एकट्याने का सोसावी?

निवड करताना सर्वांत मोठे कोकरू आपोआप उत्तम असे मानू नये. मोठेपणा संकरामुळेही येतो. आधी आई पाहावी. दरवर्षी वेळेवर विणारी, भरपूर दूध देणारी, स्वभावाने शांत आणि उन्हाळ्याच्या शेवटीही अंग न टाकणारी मेंढी असेल, तर तिचे कोकरू विचारात घ्यावे. मग त्याला सपाट जमिनीवर चालवून पाहावे. पाय सरळ, खुरे घट्ट व काळी, सांधे सुजलेले नाहीत, वरचा जबडा खालच्या दातांशी जुळतो आणि दोन्ही वृषणे सारख्या आकाराची, टणक व पूर्ण उतरलेली आहेत, याची खात्री करावी. ज्या जनावराला आयुष्यभर घाट चढायचे-उतरायचे आहेत, त्याच्या पायांतील दोष कोणत्याही गुणाने भरून निघत नाही.

नर किती ठेवावेत, याचे गणित प्रत्येकाने स्वतः करून पाहावे. पैदाशीतील नरांची संख्या आणि माद्यांची संख्या यांचा गुणाकार करून त्याला चाराने गुणावे व दोघांच्या बेरजेने भागावे. जे उत्तर येते ती त्या कळपाची परिणामकारक संख्या. शंभर मेंढ्या आणि दोन मेंढे असतील तर हे उत्तर आठाच्याही खाली येते, म्हणजे आनुवंशिकतेच्या दृष्टीने तो कळप १०२ जनावरांचा नसून जेमतेम आठ जनावरांचा असतो, आणि प्रत्येक पिढीत सुमारे सहा टक्क्यांनी रक्तसंबंध दाट होत जातो. दुबळी कोकरे, भाकड मेंढ्या आणि वाढती मर हे त्याचे पुढचे फळ. ही संख्या किमान ५० असावी असा सर्वसाधारण दंडक आहे. पाच कळपांच्या मिळून पाचशे मेंढ्या असतील, तर एकमेकांशी नाते नसलेले १३ मेंढे ठेवल्यावर हा दंडक पूर्ण होतो. वीस ठेवले तर तो आकडा ७७ पर्यंत जातो. राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेतून वीस मेंढ्या आणि एक मेंढा असा गट ७५ टक्के अनुदानावर मिळतो. अशा गटात मेंढा न बदलता पैदास चालू ठेवली तर तीच अडचण अधिक तीव्रतेने येते, म्हणून अनुदानाचा मेंढा घेतानाच पुढील अदलाबदलीचा विचार करून ठेवावा.

अदलाबदलीची पद्धत सोपी असावी, नाहीतर ती पाळली जात नाही. एकमेकांवर विश्वास असलेले चार-पाच वाडे निवडावेत आणि क्रम कायमचा ठरवावा: पहिल्या वाड्यात जन्मलेला मेंढा दुसऱ्याकडे, दुसऱ्याचा तिसऱ्याकडे, आणि शेवटच्याचा पहिल्याकडे. मादी कोकरे आपापल्या कळपातच राहतात. एका मेंढ्याने दोन हंगाम काम केले की तो पुढच्या वाड्याकडे सरकतो, त्यामुळे बाप आणि लेकी यांचा संयोग टळतो. घाटावर हे वाडे दूरदूर पांगलेले असतात. कोकणात मात्र ते शेजारच्या गावांत उतरलेले असल्याने ही गाठ घालून देणे गावाला सहज शक्य होते.

मुक्काम सुरक्षित करणे

मेंढपाळ आलाच नाही तर वरील सर्व कामे कागदावर राहतील. भाताच्या खाचरात रात्री मेंढरे बसवण्याची रीत दोघांच्या फायद्याची आहे: शेताला लेंडी आणि मूत्र थेट जागेवर मिळते, राबासाठी (रोपांची जागा भाजण्यासाठी) कवळे, म्हणजे झाडांच्या पालेदार डहाळ्या, तोडण्याचा भार कमी होतो, आणि मेंढपाळाला धान्य किंवा रोख मिळते. वाघूर (मेंढरे कोंडण्याचे जाळे) किती रात्री कोणत्या खाचरात लावायची, मोबदला काय, पिण्याचे पाणी कोठले, हे मेंढरे आत येण्यापूर्वीच ठरवावे. भातानंतर ओलीवर वाल, हरभरा किंवा पावटा घेतलेली शेते कोणती, हे कळप येण्याआधीच दाखवून द्यावे; बहुतेक भांडणे एवढ्यानेच टळतात.

आंब्याच्या बागांबाबत विशेष दक्षता हवी. मोहोर येऊ लागल्यापासून तुडतुड्यांसाठी व भुरीसाठी फवारण्या चालतात आणि औषधाचे थेंब झाडाखालच्या गवतावर पडतात. फवारलेल्या बागेत लेबलवर दिलेला कालावधी उलटेपर्यंत मेंढरे अजिबात सोडू नयेत आणि बागायतदाराने कुंपणावर लाल फडके बांधून ते दुरून दिसेल असे करावे. टणटणीच्या झुडपांजवळ भुकेला कळप थांबवू नये, तिच्या पाल्याने यकृताला इजा होते आणि उन्हात कातडी सोलपटते.

खाचरांच्या आणि ओहोळांच्या कडेला साचलेल्या पाण्यात गोगलगायी असतात व त्यांच्यामार्फत यकृतातील चपट्या कृमींची बाधा होते. मेंढीच्या जबड्याखाली मऊ सूज आली आणि डोळ्याच्या पापणीची आतली बाजू फिकट दिसू लागली, तर लेंडीचा नमुना तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात द्यावा आणि औषधाची मात्रा तेथूनच घ्यावी. पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग), देवी, लाळ्या-खुरकूत आणि आंत्रविषार या रोगांच्या लसी कळपाला केव्हा दिल्या आहेत, हे नोंदवहीत लिहून ठेवावे. फिरस्त्या कळपांची लस चुकते ती बहुधा एवढ्यामुळेच, की घाटावरचा दवाखाना त्यांना कोकणात गेलेले समजतो आणि कोकणातला दवाखाना त्यांना बाहेरचे समजतो. गावातील एका माणसाने मुक्कामाच्या पहिल्याच आठवड्यात दवाखान्याला लेखी कळवले, तर ही उणीव दूर होते.

कायद्याचा आधारही घ्यावा. जैविक विविधता कायदा, २००२ नुसार ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिच्या लोक जैवविविधता नोंदवहीत पाळीव जनावरांच्या जाती नोंदवता येतात. दरवर्षी गावात मुक्कामाला येणारी दख्खनी मेंढी, तिचे उतरण्याचे मार्ग व पाणवठे यांची नोंद त्यात करण्यास काहीच हरकत नाही. वनहक्क कायदा, २००६ मध्ये फिरत्या पशुपालकांच्या चराईचा आणि हंगामी वापराचा हक्क मान्य केलेला आहे. वनक्षेत्रातील जुनी वाट बंद होत असेल, तर ग्रामसभेने ठराव करून मेंढपाळांच्या दाव्याला साक्ष द्यावी. ही वाट पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे, असे सांगणारा वाटेवरच्या गावाइतका विश्वासार्ह साक्षीदार दुसरा कोण असणार?

लोकर आणि इतर आधार

लोकरीबाबत फार आशा दाखवणे योग्य होणार नाही. दख्खनी लोकर राठ असते, कातरण्याची मजुरीही तिच्या विक्रीतून सुटत नाही, आणि त्यामुळेच केसाळ जातींचा मोह वाढला. तरीही चिंचोक्याची खळ लावून विणलेली काळी घोंगडी आजही सनगर समाजाचे विणकर तयार करतात. कोकणात भातलावणीच्या पावसात इरल्याच्या जोडीला घोंगडीची खोळ घेणारी माणसे अजून आहेत. घ्यायचीच झाली तर घोंगडी दख्खनी लोकरीची आहे का हे विचारून, थेट विणकराकडून आणि पूर्ण किमतीत घ्यावी.

अधिक तांत्रिक मदत हवी असल्यास पुण्यातील पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळ आणि राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांच्याकडे विचारणा करावी. दख्खनी मेंढीच्या सुधारणेचे काम राहुरीला दीर्घकाळ झालेले आहे. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे देशी जातींची नोंदणी होते आणि तेथील जनुक पेढीत रेत गोठवून ठेवले जाते. मात्र मेंढीच्या गर्भाशयमुखाच्या रचनेमुळे गोठवलेल्या रेताने कृत्रिम रेतन करणे गाईपेक्षा पुष्कळ अवघड आहे, त्यामुळे जिवंत, चालता, काम करणारा मेंढा यालाच पर्याय नाही.

सिंधुदुर्गातील वाचकांच्या गावांत मेंढरांचे वाडे क्वचितच पोहोचतात. त्यांनी हीच नोंदवही आणि हीच अदलाबदल कोकण कन्याळ शेळीसाठी वापरावी. काळ्या अंगाची, तोंडावर पांढरे पट्टे असलेली आणि मुसळधार पावसातही तग धरणारी ही शेळी कुडाळ, सावंतवाडी, मालवण, वेंगुर्ला या भागांतली आहे आणि बाहेरच्या बोकडांमुळे तिच्यावरही तेच संकट आहे.

मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात, वाडे परतीला लागण्यापूर्वी, उरलेली कामे आटोपावीत. राखून ठेवलेल्या प्रत्येक मेंढ्याचे समोरून व बाजूने छायाचित्र काढावे, नोंदवहीची एक प्रत कारभाऱ्याला द्यावी व दुसरी ग्रामपंचायतीत ठेवावी. अदलाबदलीचा मेंढा घाट चढण्याआधी किमान आठ-दहा दिवस नव्या कळपासोबत राहिलेला असावा, म्हणजे तो वाटेत मागे फिरत नाही. पहिल्या पावसानंतर मेंढ्या माजावर येतील तेव्हा त्यांच्यात नेमका कोणता मेंढा आहे, हे एकदा फोन करून विचारावे आणि त्याचे उत्तर त्याच वहीत, त्याच ओळीपुढे लिहावे.